अनुताई वाघ : शाळाच मुलांच्या दारी नेणाऱ्या बाई

गणपती ही विद्येची देवता. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा हा अधिपती दहा दिवस आपल्या मंडपात विराजमान असतो. त्याच्यासमोर मुलांच्या चित्रकला आणि वक्तृत्व स्पर्धा होतात, दहावी-बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो. हे सगळे व्हायलाच हवे. पण यंदा स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा मनात आली ती वेगळीच मुले. ती दहावीपर्यंत पोचतच नाहीत. पहिलीत त्यांचे नाव पटावर चढते आणि तिसरी-चौथीत, फार तर सातवीत, ती शाळेतून गळतात. त्यांचा सत्कार कोण करणार?

अशा मुलांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या पद्मश्री अनुताई वाघ यांची ओळख या लेखातून करून देण्याचा प्रयत्न करतो. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना हे नाव परिचयाचे असेल. जबलपूरमध्येच जन्मलेल्या आणि वाढलेल्या आपल्या मुलांना ते माहीत व्हावे, हाही एक हेतू आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची सारी वर्षे रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्या संगतीत गेली. पण आमच्या खात्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. एकाच जागी रूळ पुनःपुन्हा खचत असेल, तर नुसता रूळ वर उचलून भागत नाही. खालची गिट्टी, मातीचा भराव, पाण्याचा निचरा हे सगळे खणून पाहावे लागते. मूल शाळा सोडते तेव्हा आपण बहुतेक वेळा मुलाला नाही तर आईबापांना दोष देऊन मोकळे होतो. अनुताईंनी खाली खणून पाहिले, आणि जे सापडले त्याप्रमाणे शाळा बदलली. त्यांच्या साऱ्या कामाचे सार मला यातच दिसते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. मोरगाव म्हणजे अष्टविनायकांपैकी मोरेश्वराचे स्थान, म्हणजे आपल्या बाप्पाचेच गाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले आणि जेमतेम सहा महिन्यांत वैधव्य आले. मुलींच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ सालचा. म्हणजे अनुताईंचे लग्न झाले तेव्हा तोही नव्हता. तेरा वर्षांच्या विधवा मुलीसमोर त्या काळी एकच वाट असे. लाल आलवण नेसायचे आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचे. गळतीच्या आजच्या तक्त्यांत लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुलींचा एक रकाना असतो. अनुताई त्या रकान्यात कायमच्या जाऊन बसल्या असत्या.

तसे झाले नाही, कारण घरातून त्यांच्या शिक्षणाला पाठबळ मिळाले. त्या पुन्हा शिकू लागल्या, व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा झाली, पुण्यात शिक्षिकेचे प्रशिक्षण झाले. नाशिक जिल्ह्यातील चांदोरी गावी त्यांनी काही वर्षे शिकवले. त्यानंतर १९३३ पासून पुण्याच्या प्रसिद्ध हुजूरपागा शाळेत त्या दहा-अकरा वर्षे होत्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करून त्या मॅट्रिक झाल्या. पुढे पदवी मिळाली ती १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. सुटलेली शाळा पुन्हा धरायला काय पडते हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, ते त्यांच्या अंगावरून गेले होते.

पुण्यातली पक्की नोकरी आणि नावाजलेली शाळा सोडून त्या १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या ग्रामसेविका शिबिराला गेल्या आणि त्यातूनच ताराबाई मोडक यांच्या कामात दाखल झाल्या. ताराबाईंबद्दल इथे थोडे सांगायलाच हवे. त्या अनुताईंपेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर त्या अमरावतीला होत्या. आपले जबलपूर आणि अमरावती दोन्ही तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड या एकाच प्रांतात होती, म्हणजे एका अर्थी त्या आपल्याच प्रांतातल्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. माँटेसोरी पद्धतीची बालशाळा मराठी घरांत रुजवण्याचे श्रेय त्यांचे. पण ही शाळा शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच राहते आहे, हे शल्य त्यांच्या मनात होते. म्हणून त्या खेड्यात निघाल्या आणि ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई तिथे आल्या त्या कायमच्याच.

मुंबईहून गुजरातकडे जाताना डहाणू रोडनंतर घोलवड स्टेशन लागते. घोलवडचे चिकू प्रसिद्ध आहेत. बोर्डी तिथून जवळच. पट्टी समुद्राची, पण रुळाच्या पूर्वेला डोंगराकडे वळले की वारली आदिवासींचे पाडे सुरू होतात. त्या काळी सावकार आणि जमीनदार यांच्याकडे वेठबिगारी चालत असे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे मालकाकडे राबायचे, या प्रथेला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा मोठा लढा उभा राहिला तोही याच भागात आणि १९४५ सालीच. ज्या घरातला बाप स्वतःच्या दिवसाचा मालक नाही, त्या घरातल्या मुलाने शाळेची घंटा पाळावी ही अपेक्षा किती पोकळ आहे, हे इथे वेगळे सांगायला नको.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली आणि पहिला धडा बाईंनाच मिळाला. गावातली बरी परिस्थिती असलेली मुले येऊ लागली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. अंगावर धड कपडा नाही, गावात मिसळण्याची भीती, आईबाप पहाटेच कामावर गेलेले, आणायला-पोचवायला कोणी नाही. बोलावणी करून, समजूत घालून फारसे काही होईना. तेव्हा ताराबाई आणि अनुताई यांनी सरळ उलटे केले. साहित्य उचलले आणि वस्तीतच गेल्या. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांची नखे काढायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी पद्धतीची महाग खेळणी कुठून आणणार? बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले, खडे, बिया, पाने यांवरच मोजणे, ओळखणे, वर्गवारी करणे सुरू झाले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. त्या योजनेतल्या केंद्राचे नाव अंगणवाडी असेच आहे. आज रांझी, गढा, अधारताल अशा आपल्या रोजच्या वाटेवरच्या मोहल्ल्यांत ही पाटी दिसते. तो शब्द बोर्डीच्या एका वस्तीतल्या अंगणातून निघाला आहे, ही गोष्ट मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच आहे.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता काम थेट वारली पाड्यांत होते. इथे लहान मुलांच्या बालवाडीइतकाच प्राथमिक शाळेचा प्रश्नही समोर उभा राहिला. शाळा होती, पटावर नावे होती, पण मुले टिकत नव्हती.

हा प्रश्न काही एकट्या कोसबाडचा नव्हता. इंग्रजांच्या काळात नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ साली जे मांडले ते आजही वाचताना चटका लावते. १९२२-२३ मध्ये देशात पहिलीत बसलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. स्वातंत्र्यानंतर घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. शाळा वाढल्या, पट वाढला, पण गळती थांबेना. सक्तीचा कायदा करून, पालकांना दंड लावून मुले टिकतील असे अनेकांना वाटत होते. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटेल की नाही याची खात्री नाही, तिथे दंड कोण भरणार?

अनुताईंनी काय केले? मूल शाळेत नाही तर त्या वेळी नेमके कुठे आहे, हे त्यांनी पाहिले.

सात-आठ वर्षांची मुलगी घरी होती, कारण तिच्या कमरेवर धाकटे भावंड होते. आई भातलावणीला किंवा गवत कापायला गेलेली. मोठी बहीण शाळेत गेली तर तान्ह्याला कोण सांभाळणार? म्हणजे त्या मुलीचे शाळेत न येणे हा आळस नव्हता. ती नोकरीच करत होती, बिनपगारी. यावर कोसबाडला उत्तर निघाले ते विकासवाडीचे. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलीने कडेवरचे भावंड घेऊनच यायचे. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. मध्येच धाकटे रडले तर बहीण हाकेच्या अंतरावर. आईचा रोज बुडत नाही, तान्ह्याची आबाळ होत नाही आणि मुलीची पाटीही हातात राहते. किती साधी गोष्ट, पण शाळा म्हणजे फक्त शाळा असे मानणाऱ्याला ती सुचत नाही.

दहा-बारा वर्षांचा मुलगा कुरणात होता, गुरांमागे. त्या बदल्यात घराला धान्य मिळत असे किंवा निदान त्याच्या एकट्याचे पोट बाहेर भरत असे. त्याला वर्गात बसवायचे तर घरातला एक घास कमी होणार. मग अनुताईंनी शिक्षकालाच कुरणात पाठवले. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला. ही कुरणशाळा. तिथे फळा आणि घंटा यांपेक्षा मुलाला जे ठाऊक आहे त्यावर भर होता. गुरे मोजायची, पाने-बिया गोळा करायच्या, रानातली झाडे-पाखरे ओळखायची आणि तिथून अक्षराकडे, आकड्याकडे यायचे. जी दिवसभर राबत होती त्यांच्यासाठी रात्री वर्ग.

तिसरी अडचण भाषेची. पुस्तकातले मराठी पुण्या-मुंबईचे आणि मुलांची बोली वारली. गुरुजी काय बोलतात तेच कळत नसेल तर मूल घाबरते, मागे बसते आणि एक दिवस यायचे थांबते. आपल्यापैकी ज्यांची मुले घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन रुळांवर चालतात त्यांना हे पटकन कळेल. आपल्या मुलांना घरी समजावून सांगणारे कोणी असते, वारली मुलाला ते नव्हते. म्हणून मुलाच्या बोलीतून, त्याच्या गाण्यांतून आणि नाचातून सुरुवात करायची, हा कोसबाडचा शिरस्ता.

हे सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. टेकडीवर सोयी नव्हत्या, पैशाची ओढ कायमची. पाड्यांवर बाहेरून आलेल्या माणसांबद्दल संशय होता आणि तो साहजिकच होता, कारण बाहेरून येणारा माणूस आजवर काही ना काही न्यायलाच आला होता. दिवाळीनंतर गवताच्या आणि पुढे वीटभट्टीच्या कामासाठी अख्खी कुटुंबे बाहेर पडत, की वर्ग ओस. कुरणशाळेने साऱ्या तालुक्याची गळती थांबवली असेही नाही. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. पुढची जवळजवळ वीस वर्षे अनुताईंनी काम पुढे नेले. बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या, शिक्षणपत्रिका चालवली, कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मकथन लिहिले. १९८५ साली त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळा बेतायची हा विचार पुढे इतरत्रही दिसतो. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८५ साली २२ एका खोलीच्या शाळांपासून सुरुवात केली. शाळा वस्तीतच, रोज थोडेच तास, आणि वेळ शेतीचा हंगाम व पालकांची सोय पाहून. आपल्या मध्यप्रदेशात १९९७ साली शिक्षा गारंटी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या आदिवासी टोल्यात २५ मुले असतील आणि गावाने मागणी केली, तर सरकारने ९० दिवसांत शाळा द्यायची, असा तो नियम होता. त्यामुळे शाळेचे अंतर खूपच कमी झाले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दुपारचे शिजवलेले जेवण आले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला. शाळा दूर असणे आणि मूल उपाशी असणे या दोन कारणांवर देशाने पुष्कळ काम केले, हे मान्य करायलाच हवे.

पण कडेवरचे भावंड आणि हंगामी काम ही कारणे अजून तिथेच आहेत. ती पाहायला कोसबाडला जाण्याची गरज नाही. मंडला-डिंडोरीकडची गोंड आणि बैगा कुटुंबे महुआ वेचण्याच्या दिवसांत रानात असतात, त्यानंतर तेंदूपत्ता येतो. गव्हाच्या कापणीला चैतुआ मजूर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गावोगाव फिरतात. हे महिने नेमके परीक्षेचे. लाइनच्या कामावर ठेकेदाराकडे येणाऱ्या मजुरांच्या झोपड्या मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. गिट्टीच्या ढिगाऱ्याजवळ लुगड्याची झोळी टांगलेली असते आणि ती हलवायला सात-आठ वर्षांची पोर बसलेली असते. काम चार-सहा महिन्यांनी पुढे सरकते, झोपड्याही सरकतात. तिचे नाव गावाकडच्या कुठल्यातरी शाळेच्या पटावर असते. अनुताईंनी कोसबाडला पाहिलेली तीच ही मुलगी.

आणि आपल्या घराकडे पाहू. आपल्या कॉलन्यांत, नेपियर टाऊनपासून खमरियापर्यंत, धुणीभांडी करायला ज्या बाया येतात त्यांच्याबरोबर कधीकधी त्यांची मुलगी येते. आधी सुट्टीपुरती, मग आई आजारी असेल तेव्हा, मग रोज. एक दिवस ती एकटीच येऊ लागते आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. उलट पोर कामाला चलाख आहे म्हणून कौतुक होते. तिच्या शाळेची चौकशी करणे हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे. आईच्या चार दिवसांच्या खाड्यापायी पोरीला कामावर यावे लागणार नाही, एवढे पाहणेही आपल्याच हातात आहे.

मंडळ दरवर्षी गरीब मुलांना वह्या, दप्तरे वाटते. ही प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. पण वही नसल्यामुळे शाळा सुटलेली मुले थोडी. भावंडामुळे, कामामुळे, भाषा न कळल्यामुळे सुटलेली पुष्कळ. म्हणून कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. उत्सवाचे दिवस सोडले तर मंडळाची खोली वर्षभर दुपारपर्यंत बंद असते. सकाळी आठ ते एक या वेळात तिथे आसपासच्या कामकरी बायांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर चालू करता येईल का, याचा विचार व्हावा. जागा आहे, पाणी आहे, पंखा आहे. एक पगारी बाई आणि आळीपाळीने येणाऱ्या आपल्या तीन-चार निवृत्त ताई-काकू एवढ्यावर सुरुवात होईल. सजावटीच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला तर पहिल्या वर्षाची सोय होईल असा माझा अंदाज आहे. हिशेब मी मांडून देईन. पाळणाघरात दहा तान्ही मुले आली, तर त्यांच्या मोठ्या बहिणींपैकी काही जणी तरी शाळेत जातील.

मोरगावच्या मोरेश्वराच्या गावी जन्मलेल्या या बाईंनी पाटीपूजन केले ते पाड्यावरच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात. त्यांच्या स्मृतीला वंदन. तो विघ्नहर्ता आपल्या मंडळाला अशीच सद्बुद्धी आणि बळ देवो.

गणपती बाप्पा मोरया!